किंजळाखालचा दगड

मूळ आगकाडीएवढं जाड होतं. साल सोललेली, आतला पांढरा भाग उघडा. खड्ड्याच्या काठातून निघून ते समोर, उलटलेल्या किंजळाच्या उभ्या राहिलेल्या मुळांच्या भिंतीत शिरत होतं आणि मधे त्याला कशाचाच आधार नव्हता. सोमवारी सकाळी मी ते बोटाने छेडलं तेव्हा ताणलेल्या तारेसारखं थरथरलं होतं. मी लांबी मोजून वहीत लिहिली: एक्केचाळीस सेंटिमीटर. मंगळवारी झाडं कापणाऱ्या हमीद मुकादमांनी शेंड्याकडच्या फांद्या कापून उतरवल्या. बुधवारी सकाळी तेच मूळ सैल पडून मधोमध लोंबत होतं. दोन टोकांमधलं अंतर सदतीस भरलं.

मी तीनदा मोजलं. पट्टी तीच, खुणा त्याच. रात्रभर पान हललं नव्हतं. म्हणजे दहा फूट उंचीची ती मुळांची भिंत आपण होऊन चार सेंटिमीटर मागे, खड्ड्याच्या बाजूला आली होती.

आणि खड्ड्यात, भिंतीच्या बरोबर खाली, माझे वडील पंचा नेसून बसले होते. समोर पणती.

"आबा, वर या."

"पाच मिनिटं गो."

"आत्ता या. झाड हललंय."

"झाड हाय, हलायचंच."

"पडलेलं झाड हलत नाही, आबा."

"मग हललं कशाला म्हणतेस?" ते म्हणाले, आणि पणतीतली वात पुढे सारली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

वादळाला तेव्हा बारा दिवस झाले होते. मी पुण्याला एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. वादळाच्या चौथ्या दिवशी मी गावी पोचले, शेवटचे सहा किलोमीटर चालत, कारण रस्त्यावर झाडं आडवी होती. आमच्या कुडघरला वीज नव्हती, फोन नव्हते, गॅसची गाडी खाडीपलीकडेच अडकली होती. परसातला किंजळ मुळासकट उलटून स्वयंपाकाच्या पडवीवर पडला होता. आमच्याकडे जांभ्यावर मातीचा थर दोन-अडीच फुटांचा. मुळं खाली जात नाहीत, परातीसारखी पसरतात. झाड उलटलं तेव्हा ती परात काठावर उभी राहिली आणि तिच्यामागे उथळ, रुंद खड्डा उघडा पडला.

त्या झाडाखाली आमचा राखणदार होता. नारळाएवढा काळा दगड. जांभ्याच्या मुलखात काळा दगड कुठून आला ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो देव. घरातल्या मोठ्या पुरुषाने त्याला वर्षातून एकदा नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. मी लहान असताना तो बुंध्याजवळ उघड्यावर असे. मग मुळं त्याच्यावर चढत गेली. आबांनी तिथलं एक मूळही कुणाला छाटू दिलं नाही, आणि तीस वर्षांत झाडाने दगड जवळजवळ गिळून टाकला. आता परात उभी राहिल्यावर त्याची खालची बाजू खड्ड्याकडे आली होती. छातीच्या उंचीवर, मुळांच्या मुठीत पकडलेला. त्याची ती बाजू गेल्या तीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

आबांचा बेत साधा होता. बुंधा कापला की झाडाचं वजन जाईल, मुळं सैल पडतील, मूठ सुटेल. त्या वेळी आपण खाली हात धरून बसायचं. राखणदार जमिनीवर पडता कामा नये. हातात घ्यायचा आणि धुतलेल्या कापडावर ठेवायचा. घेणारा घरातला मोठा पुरुषच हवा.

"वरच्या वाडीतल्या धाकूतात्याने तसाच घेतला त्यांचा," आबा म्हणाले. "परवाच. काय झालं त्याला?"

"त्यांचं झाड केवढं होतं?"

"उंबर होता."

"केवढा?"

"होता मनगटाएवढा. पण होता की नाय?"

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला, जसा वर्गात करते तसा. परसातला एक कोवळा बांबू वाकवला, टोकाला दगड बांधला. म्हटलं, हा दगड म्हणजे बुंध्याचं वजन. बुंध्याच्या वजनानेच परात उभी राहिली आहे. पलीकडच्या बाजूची मुळं तुटलेली नाहीत, ती या बांबूसारखी वाकून बसली आहेत. मी दोरी सोडली. बांबू सपकन उभा राहिला आणि माझा चष्मा उडाला.

आबा पोट धरून हसले. "बघ. बांबूलाही तुझी शाळा आवडत नाय."

"आबा, बुंधा कापला की ही परात झाकणासारखी परत खड्ड्यावर बसेल. माझ्या हिशोबाने तिच्यात पाच टन तरी माती आणि लाकूड आहे."

"तो हाय ना त्यात," ते दगडाकडे बोट दाखवून म्हणाले. हसू गेलं होतं. "तो नाय होऊ देणार."

दगड पहारीने आधीच सोडवू का, विचारलं. राखणदाराला लोखंड लावायचं नसतं. खाली गवताचा भारा आणि त्यावर पाट ठेवू? पाटावर नाही, हातात. मग हात माझे चालतील का? यावर ते उठून गेले.

आईला मी वेगळं विचारलं. ती ओटीवर तीन दगडांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. पडवी मोडल्यापासून स्वयंपाक तिथेच चालायचा. लाकडं सगळी ओली. मी आंबे तोलायच्या तराजूवर एक ढलपी तोलली होती, दोन दिवस चुलीच्या वरच्या शिंक्यात ठेवून पुन्हा तोलली. चौथा हिस्सा वजन कमी झालं होतं, तरी जळताना तिच्या टोकातून पाणी फसफसत होतं. आईला आधीच दम्याचा त्रास. धुराने तिचे डोळे बारा दिवस लाल होते.

"तू सांग ना त्यांना."

"मी सांगून कधी ऐकलंय तुझ्या आबांनी?" ती खोकली. "एवढं एकच नाय ऐकत गो. बाकी सगळं ऐकतात. हे एकच."

"का पण?"

"मला काय म्हायत? तू सहा वर्षांची असल्यापासून असंच. त्या झाडाजवळ केर टाकला तरी अंगावर येतात." तिने फुंकणी खाली ठेवली. "पण निमा, ते झाड काढायला हवं. रात्री भिंत बोलते."

भिंत खरंच बोलत होती. बुंधा पडवीच्या भिंतीवर टेकला होता आणि पावसाने भिजलेली ती भिंत त्याच्याखाली रोज थोडी खचत होती. तिच्यातली चीर आता आई झोपायची त्या खोलीच्या भिंतीपर्यंत पोचली होती. रेडिओवर शनिवारी पुन्हा वारा सांगितला होता. झाड शुक्रवारपर्यंत कापायला हवं होतं.

हमीदभाई, म्हणजे तेच मुकादम, गुरुवारी संध्याकाळी पुन्हा आले. दाभोळकडचे. पंचेचाळिशीचे, आडव्या बांध्याचे, कानात कापसाचे बोळे कायम. वादळापासून त्यांनी सत्तर झाडं कापली होती. जोडीदार तापाने पडल्यामुळे एकटेच फिरत होते. ओटीवर बसून त्यांनी कटर मांडीवर घेतला आणि चेनच्या एकेका दाताला कानस मारू लागले. प्रत्येक दाताला तीनच हात, सगळ्यांना सारखे.

"या मास्तरीणबाईंना सांग रे काहीतरी," आबा म्हणाले. "चार दिवस पट्टी घेऊन झाडाच्या मागे लागल्यात."

"काय मोजलंत?"

मी वही दाखवली. त्यांनी आकडे वाचले, मग कानस बाजूला ठेवली. "फांद्या उतरवल्यावर चार सेंटिमीटर?"

"हो."

"मला तेवढं दिसलं नव्हतं." ते आबांकडे वळले. "आबा, एक गोष्ट सांगतो. खोटी असली तर मिशी भादरेन."

"आधी मिशी ठेव, मग भादर."

हमीदभाई हसले नाहीत. "खाडीपलीकडे गेल्या आठवड्यात असंच एक झाड होतं. आंबा. पाऊस लागला म्हणून कुणी शेळी बांधली होती त्या खड्ड्यात, आडोशाला. मला कुणी बोललं नाय. मी बुंधा कापला. मूळ बसलं जागेवर. असं बसलं की झाड कधी पडलंच नव्हतं वाटावं. मागे जाऊन बघतो तर जमिनीतून दोरी बाहेर आलेली. तेवढीच."

चुलीत ओलं लाकूड फसफसलं.

"शेळीची गोष्ट," आबा म्हणाले.

"शेळीचीच. म्हणून सांगतोय. कापताना मी बुंध्याच्या बाजूला असणार, मुळाच्या पलीकडचं मला दिसत नाय. तुम्ही ओटीवर बसायचं. तुमच्या तोंडून ऐकू दे."

"मूळ बांधून नाही ठेवता येणार?" मी विचारलं. "टेकू लावून?"

"या वजनाला वासा म्हणजे काडी. चेनपुली असती तर ओढून धरलं असतं, ती तिकडे रस्त्यावर अडकलीय. सहा फूट बुंधा मुळाला ठेवून कापेन, तेवढंच वजन राहील त्याला. पण याचा भरवसा नाय." पुन्हा आबांकडे. "बोला आबा."

"बसतो रे ओटीवर. कामाला लाग तू."

हमीदभाईंनी मान डोलावली. मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. आबा कुठल्याही लहान गोष्टीला 'देवाशपथ' म्हणत. त्या संध्याकाळी म्हणाले नाहीत.

शुक्रवारी सकाळी आबांनी किंजळाला नारळ दिला. आम्ही मागे उभे होतो. हमीदभाई थोडे दूर, टोपी काढून हातात घेऊन. गाऱ्हाणं आबा नेहमी मोठ्याने घालत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. त्या दिवशी ते पुटपुटत होते. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं: "...चुकलं ते माझं, लेकराबाळांवर काढू नको."

मग सगळे आपापल्या कामाला लागलो. भिंत पडलीच तर भांडी तरी वाचावीत म्हणून मी आणि आई पडवीतला राहिलेला पसारा बाहेर काढत होतो. हमीदभाईंनी बुंध्याभोवती पायाखालच्या फांद्या साफ केल्या, मागे सरकायला वाट मोकळी केली. सुरू करण्याआधी मला बोलावून दाखवलं.

"दोन्ही बाजूंनी टेकलेलं लाकूड आहे. वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. वरनं एकदम उतरलो तर कापलेली जागा मिटते, कटरची पट्टी चावून धरते. म्हणून आधी वरनं थोडं, मग खालनं. शेवटचं खालनं. आणि एक लक्षात ठेवा. चालत्या कटरवाल्याला मागनं हात लावायचा नाय. काहीही झालं तरी. समोर या, मी बघेन."

कटर सुरू झाला. पहिली चार बोटं वरून गेली. पांढऱ्या, लांब ढलप्या उडत होत्या. लाकूड आतून निरोगी होतं. मला थोडं वाईट वाटलं.

मी भांड्यांचा तिसरा हारा घेऊन ओटीवर आले तेव्हा आईने विचारलं, "आबांनी चहा नाय घेतला?"

ओटीवर आबांच्या जागेशेजारी कप होता, वर बशी झाकलेली. बशी उचलली. चहावर साय धरली होती.

"आंघोळीला गेलेत का?"

"दुसऱ्यांदा? सकाळी केली की." आई उठून आत डोकावली. "अगो, पेटीतला कोरा पंचा काढलाय त्यांनी. आणि पांढरं फडकं."

मी धावले. घराला वळसा घालून, मागच्या बाजूने. चपला खड्ड्याच्या काठाला होत्या. टाचा घराकडे, दोन्ही नीट जोडलेल्या.

आबा खाली उभे होते. कोरा पंचा, उघडं अंग, पायापुढे पसरलेलं पांढरं फडकं. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, ओंजळ करून, दगडाच्या बरोबर खाली. परात त्यांच्या डोक्यावर चार फूट उभी होती आणि कटरच्या आवाजाबरोबर तिच्यातून तांबडी माती बारीक धारेने गळत होती. ती त्यांच्या मनगटांवर पडत होती.

मी ओरडले. मलाच माझा आवाज आला नाही.

परत वळसा. हमीदभाईंची पाठ माझ्याकडे होती. ते गुडघ्यावर बसून खालून कापत होते. हात लावायचा नाही. मी फांद्यांच्या ढिगावरून चढून त्यांच्या समोर गेले, पाय दोनदा आत रुतला, आणि दोन्ही हात वर केले.

त्यांनी पाहिलं. कटर बंद झाला.

"आबा खड्ड्यात आहेत."

त्यांनी कटर खाली ठेवला आणि तळहात बुंध्यावर टेकवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. मीही ठेवला. लाकडाच्या आतून एक बारीक, सलग कुरकुर येत होती.

"किती राहिलंय?"

"दीड वीत. आता हे माझ्या हातात नाय, बाय. वाऱ्याची एक झुळूक आली तरी पुरे." ते मुळाच्या बाजूला तोंड करून ओरडले, "आबा! वर या! पाया पडतो तुमच्या!"

पलीकडून आवाज आला. अगदी शांत. "काप रे. मी हात धरलेत."

"मी उतरून उचलून आणतो," हमीदभाई म्हणाले आणि दोन पावलं जाऊन थांबले. "नको. ते ऐकायचे नाहीत, आणि खाली झटापट झाली, मुळाला धक्का बसला, तर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं ऐकतील?"

"नाही," मी म्हटलं.

तरी मी गेले. काठावर चपला काढल्या, कारण आमच्याकडे तिथे चपला घालून कुणी उतरत नाही, आणि खड्ड्यात उतरले. आत थंड होतं. ओल्या मातीचा आणि तुटलेल्या मुळांचा कडवट वास. आबांच्या शेजारी, त्यांच्या डाव्या कोपराला लागून मी उभी राहिले.

"वर जा."

"तुम्ही चला."

"बाईमाणसाने इथं उतरायचं नाय. वर जा सांगतोय."

"देव काही होऊ देणार नाही म्हणालात ना? मग मलाही नाही होणार."

बहात्तर वर्षांचे हात, किती वेळ असे धरले होते कोण जाणे. ओंजळीत माती साठली होती.

"निमा, चेष्टा नको. जा."

"चेष्टा नाही. हमीदभाई!" मी मोठ्याने म्हटलं. "कापा तुम्ही."

हमीदभाई काही करणार नव्हते, हे मला माहीत होतं. आबांना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"तुला ठाऊक नाय गो," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला. "पडला होता एकदा."

"कोण?"

"हा. चौथरा बांधायला मी काढला होता. ओले हात होते, निसटला. एवढासा पडला. वीतभर. मी लगेच उचलला, जागेवर ठेवला. कुणाला बोललो नाय. तुझ्या आईलाही नाय." त्यांनी एक श्वास घेतला. "आठव्या दिवशी वसंताला ताप आला."

वसंत माझा मोठा भाऊ. तो नऊ वर्षांचा होता, मी सहा. मला त्याचे पिवळे झालेले डोळे आठवतात आणि डोलीत घालून खाडीकडे नेताना बाहेर लोंबणारा त्याचा एक हात आठवतो. त्या वर्षी लावणीच्या दिवसांत वाडीतली आणखी दोन माणसं तशाच तापाने गेली होती. पुढे शिकताना एका संध्याकाळी ग्रंथालयात मी त्या तापाची सगळी लक्षणं ओळीने वाचली होती, आणि पुस्तक मिटून बाहेर पायरीवर बसून राहिले होते. साचलेल्या पाण्यातून येतो तो. त्याचं नाव आता माझ्या जिभेवर होतं. पण त्या खड्ड्यात ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. आबांनी तीस वर्षं कुठलंही मूळ छाटू दिलं नव्हतं, कारण मुळांनी दगड घट्ट धरून ठेवावा एवढंच त्यांना हवं होतं.

"तेव्हा दोन होतीत तुम्ही," आबा म्हणाले. "आता तू एकटी राहिलीस. पुन्हा पडला तर कुणाला नेईल तो? बोल की. तू शिकलीस. बोल."

मी उत्तर शोधलं. बांबू, आकडे, चार सेंटिमीटर, ताप. त्यातलं काहीच बोलावंसं वाटेना.

"मला न्यायचंच असेल त्याला," मी म्हटलं, "तर फार लांब जावं लागणार नाही, आबा. मी इथंच उभी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. इतके दिवस ते त्या परातीखाली बसत होते, पण नजर नेहमी दगडावर. मला वाटतं, त्या भिंतीची उंची त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिच्यावरून लोंबणारं एक जाड मूळ माझ्या केसांना टेकत होतं. मी उतरले तेव्हा ते माझ्या डोक्याच्या वर होतं.

बुंध्याच्या बाजूने आवाज आला. मोठा नव्हता. सुकी शेंग फुटावी तसा.

"बोललं!" हमीदभाईंची हाक फाटली. "बाय, बोललं ते!"

परात हलली. बोटभर असेल. मातीची धार जाड झाली, आबांच्या ओंजळीवरून सांडून पांढऱ्या फडक्यावर पडू लागली. दगड मुळांच्या मुठीत किंचित फिरला. आबांचे हात आपोआप त्याच्याकडे वर गेले. बोटं दगडाला लागली. मी त्यांचा दंड धरला नाही. त्यांना ओढलं नाही. फक्त तिथून हलले नाही.

ते दगडाशी काहीतरी बोलले. ओठ हललेले मी पाहिले, शब्द कळले नाहीत. मग त्यांनी ओंजळ उघडली. माती खाली पडली. त्याच मातीच्या हाताने त्यांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटांच्या खुणा होत्या.

"हमीद!" ते ओरडले. गाऱ्हाणं घालताना असे तोच आवाज, सगळ्या वाडीला ऐकू जाणारा. "आम्ही दोघं वर येतोय. वर आलो की काप. देव पडला तर पडू दे."